‘मान्यताप्राप्त’ नियतकालिक: एका शिक्क्याची पार्श्वभूमी

‘संदर्भ मान्यताप्राप्त नियतकालिकातलेच हवेत’ ही ओळ प्रकल्पाच्या सूचनांत अजून छापली जाते. ज्या यादीच्या भरवशावर ती लिहिली जायची, ती विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली.

घोळ जुना आहे. आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीचे गुण छापून आलेल्या लेखांशी जोडले आणि आयएसएसएन हाच दर्जाचा दाखला होऊन बसला. मुळात तो नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक. शेवटचा अंक (कधी ‘एक्स’) केवळ पडताळणीचा. नंबरप्लेट बघून ड्रायव्हर कसा आहे ते कळत नाही, तसंच हे. २०१७ मध्ये अधिकृत यादी आली, तीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावं होती. पुण्यातल्या अभ्यासकांनी त्यातली १,००९ तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसेनात. मे २०१८ मध्ये ४,३०५ नावं उडवली गेली. ही चाळणी आधी का लागली नाही, याचं पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

२०१९ ची ‘केअर’ यादी अधिक काटेकोर होती, पण तिलाही तोतयांनी गाठलं. फक्त छापील निघणारं, वेबसाइट नसलेलं नियतकालिक हेरायचं, त्याचं नाव आणि आयएसएसएन उचलून साइट थाटायची आणि पैसे घेऊन दोन-चार दिवसांत लेख ‘स्वीकारायचा’. विद्यार्थी यादीत नाव पाहून निर्धास्त. खरा अंक ग्रंथालयात काढून संपादकांचा पत्ता आणि अंकांची वारंवारता ताडून पाहिली, की सोंग उघडं पडतं.

दरम्यान कॉलेजांना ‘एन-लिस्ट’ ही ऑनलाइन नियतकालिकं वाचायची सोय मिळाली, २०२५ पासून सरकारी संस्थांना ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही तशीच योजनाही. तिथल्या डेटाबेसमध्ये ‘पिअर रिव्ह्यूड’ची (तज्ज्ञांनी तपासलेलं) खूण केली, तरी ती गाळणी नियतकालिकाला लागते, लेखाला नाही, त्याच अंकातलं संपादकीय आणि पुस्तक परीक्षणही निकालात येतं. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. जुन्या मराठी फाँटमधली किंवा स्कॅन केलेली पानं शब्द टाकून शोधली तर हाती काही लागत नाही; शीर्षक देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत टाकून पाहावं. कित्येक मराठी त्रैमासिकं यांपैकी कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी बांधीव खंडांच्या कपाटापाशीच जावं लागतं.