ग्राफ, आलेख की हृदयपरिवर्तन?

एकांकिकेच्या तालमीत दिग्दर्शक नटाला हमखास विचारतो, "तुझ्या भूमिकेचा ग्राफ काय?" पटकथेच्या कार्यशाळेत यालाच कुणी 'आलेख' म्हणतं, कुणी 'प्रवास', कुणी सरळ 'आर्क'. हे सगळे शब्द एकाच अर्थाने फिरतात आणि घोळ तिथेच आहे. ग्राफ म्हणजे नटाने सांभाळायचा चढउतार. तो एका प्रवेशापुरताही असू शकतो. आलेखात मात्र पात्र जिथून निघालं तिथून शेवटी दुसरीकडे पोचलेलं हवं. त्यात गांधीयुगात रुळलेला 'हृदयपरिवर्तन' हा शब्द येऊन बसला. शेवटच्या रिळात खलनायकाचे डोळे पाणावून पाणावून सिनेमाने तो इतका झिजवला, की परीक्षणात आज तो टोमणा म्हणूनच येतो.

जुन्या शास्त्रांना या बदलाची फारशी फिकीर नव्हती. नाट्यशास्त्रातल्या कथानकाच्या पाच अवस्था आरंभापासून फलागमापर्यंत, म्हणजे फळ हाती येईपर्यंत, जातात. नायकाला फळ मिळतं, तो स्वतः पालटलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. धीरोदात्त, म्हणजे धीरगंभीर आणि थोर मनाचा नायक, शेवटपर्यंत धीरोदात्त. ग्रीकांकडेही आधी कथानक, मग पात्र. आपल्याकडे लोकांच्या तोंडी राहिला तो वाल्या कोळी. रांजणात पडणारे खडे सगळ्यांना आठवतात, पण गोष्ट वळते ती नारदाच्या उपदेशाने नाही. पापात वाटेकरी होणार का, या प्रश्नावर घरच्यांनी दिलेल्या नकाराने वळते. कुठल्याही कार्यशाळेत हे उदाहरण पहिलं द्यायला हवं. दिलं जात नाही.

आज आपण ज्याला आलेख म्हणतो तो बराचसा एकोणिसाव्या शतकातला. जर्मन समीक्षेने माणूस घडत जाण्याच्या कादंबरीला 1819 च्या सुमारास वेगळं नाव दिलं. रंगभूमीवर खरी ठिणगी पडली ती 1879 मध्ये, कोपनहेगनला इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' हे नाटक उभं राहिलं तेव्हा. नवऱ्याच्या उपचारासाठी नायिका नोराने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेलं असतं. ते उघड होताच नवरा तिच्यावर तुटून पडतो. कर्जरोखा परत येतो, तेव्हा त्याला पहिली आठवण होते ती आपण वाचल्याची. नोरा आत जाते, नाचासाठी चढवलेला पोशाख उतरवते, रोजचे कपडे घालून येते आणि त्याला टेबलाशी बसवते. लग्नाला आठ वर्षं झालेली, गंभीरपणे बोलायला दोघं पहिल्यांदाच बसतात. मग ती तीन मुलं मागे ठेवून, दार लावून घर सोडते.

जर्मनीतल्या प्रयोगासाठी नोरा करणाऱ्या नामवंत अभिनेत्रीने हा शेवट करायला नकार दिला. आपण आपली मुलं कधीच टाकणार नाही, हे तिचं कारण. त्या देशात इब्सेनच्या हक्कांना संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणीही मनाला येईल तसा शेवट जोडला असता. म्हणून 1880 मध्ये त्याने स्वतःच पर्यायी शेवट लिहिला आणि तो रानटी अत्याचार असल्याचं जाहीरही करून टाकलं. त्यात नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो, ती कोसळते, पडदा पडतो.

यावरून त्याला शरणागत म्हणणारे आहेत, व्यवहारी म्हणणारेही. मला तो निर्णय समजतो, पटत नाही. गंमत अशी की हा मोडतोड केलेला शेवटही एक गोष्ट दाखवून जातो. नोरा बदलते ती टेबलाशी. तिने बाहेर पडताना लावलेलं दार हा नुसता पुरावा. पुरावा काढून घेतला तरी टेबलाशी झालेलं बोलणं पुसता येत नाही, म्हणून तो शेवट खोटा वाटतो. हृदयपरिवर्तनात नेमकं उलटं घडतं. दार असतं, टेबल नसतं.

मराठीत 1919 मध्ये 'एकच प्याला'ने उतरता आलेख दाखवला. भल्या वकिलाची पायरी-पायरीने होणारी घसरण, मध्ये सावरायची एक धडपड. आलेख वरच जायला हवा असं मानणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा. पुढे नोराचीही मराठी रूपांतरं झाली.

पात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढलंच पाहिजे, ही अट पक्की केली ती 1946 च्या एका अमेरिकी नाट्यलेखनाच्या पुस्तकाने. त्यातलं लाडकं उदाहरणही नोराच. मग 1949 मध्ये पुराणकथांमधल्या वीराच्या प्रवासाचा आराखडा आला. ऐंशीच्या दशकात हॉलिवूडच्या एका स्टुडिओत त्याचं सात पानी टिपण झालं, आणि अभ्यासाचा विषय पटकथेची चेकलिस्ट होऊन बसला. आपल्या कार्यशाळांत हातोहात फिरते ती बहुतेक त्याचीच सावली.

दैनंदिन मालिकांना हे सगळं परवडत नाही. तिथे आलेख नसतो, 'ट्रॅक' असतो, म्हणजे काही आठवडे चालणारं एखादं उपकथानक. सासूचं परिवर्तन झालं तर सोमवारचा एपिसोड कशावर चालवायचा? म्हणून ती शुक्रवारी रडते, माफी मागते, आणि नवा ट्रॅक सुरू झाला की कपाटाच्या किल्ल्या पुन्हा तिच्याच कमरेला दिसतात.