नुओक माम आणि नुओक चम: व्हिएतनामी कुकिंग क्लासच्या टेबलावरच्या दोन वाट्या

व्हिएतनामला जाणारी बरीच मराठी मंडळी आता होई आन किंवा हनोईमध्ये अर्धा दिवस कुकिंग क्लाससाठी राखून ठेवतात. सकाळी शिकवणाऱ्या बाईंबरोबर बाजार फिरायचा, अनोळखी वासाची पानं हुंगायची, मग तीन-चार पदार्थ स्वतःच्या हाताने करून तिथेच जेवायचं, असा साधारण क्रम असतो. पदार्थही ठरलेले असतात. भिजवलेल्या तांदळाच्या पापडीत कोळंबी, शेवया आणि पाला गुंडाळून केलेला गोई कुओन, हळद आणि नारळाचं दूध घातलेल्या तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत बान सेओ, तळलेले रोल, कच्च्या पपईची कोशिंबीर, आणि वेळ असेल तर फो, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेला रस्सा. प्रत्येक जण फोटो काढतो तो रोल गुंडाळतानाचा.

माझ्या मते त्या वर्गातली शिकण्यासारखी खरी गोष्ट रोलच्या शेजारी ठेवलेल्या वाटीत असते. गोंधळही तिथेच होतो. टेबलावर एक गडद तपकिरी बाटली असते आणि एक फिकट, लालसर-सोनेरी वाटी. बाटलीतला तो नुओक माम, मासे मिठात मुरवून काढलेला खारट अर्क. वाटीतला तो नुओक चम, त्याच अर्कात पाणी, साखर आणि लिंबू मिसळून केलेला, पदार्थ बुडवून खाण्याचा सॉस. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीतून बोलताना दोन्हींना ‘फिश सॉस’च म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या भाषेतही वाटीतल्याला घरोघरी सरळ ‘नुओक माम’ म्हटलं जातं, कारण त्यांना संदर्भावरून कळतं. पाहुण्याला कळत नाही. मग पुण्यात परत आल्यावर तो सुपरमार्केटमधून फिश सॉसची बाटली आणतो, वाटीत ओततो, त्यात रोल बुडवतो आणि पहिल्याच घासाला तोंड खारट होतं. चूक सॉसची नसते. त्याने एका वस्तूच्या जागी दुसरी वापरलेली असते.

कोकणातल्या माणसाला हा फरक एका वाक्यात सांगता येईल: नुओक माम म्हणजे आगळ आणि नुओक चम म्हणजे सोलकढी. आगळ कोणी पेल्यात ओतून पीत नाही, आणि सोलकढी वर्षभर बाटलीत भरून ठेवत नाही.

आता बाटलीकडे नीट बघू, कारण तिच्यामागे वर्षभराचं काम आहे. अस्सल नुओक माममध्ये दोनच गोष्टी असतात, मासे आणि मीठ. मासा म्हणजे का कोम, आपल्या मांदेलीच्याच कुळातला, बोटाएवढा चंदेरी मासा. सर्वांत नावाजलेला नुओक माम फू क्वोक बेटावर होतो. तिथे बोटीवरच ताज्या माशांत मीठ मिसळतात, साधारण तीन भाग मासे आणि एक भाग मीठ. किनाऱ्यावर आणल्यावर हे मिश्रण माणसापेक्षा उंच लाकडी पिंपांत भरतात, वरून वजन ठेवतात आणि वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, तसंच राहू देतात. एवढ्या मिठात सडवणारे जंतू टिकत नाहीत. पण माशाच्या पोटातली पाचक द्रव्यं आणि मीठ सोसणारे काही जिवाणू काम करत राहतात. ते माशातली प्रथिनं फोडतात आणि त्यांची अमिनो आम्लं होतात. त्यातलं ग्लुटामेट म्हणजे ती भरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव. पिंपाच्या तळाशी तोटी असते. तिच्यातून निघालेला द्रव पुन्हा वर ओततात, पुन्हा काढतात, आणि शेवटी जो स्वच्छ, लालसर तपकिरी पहिला काढा मिळतो तो सर्वांत उत्तम. त्यानंतर त्याच माशांवर मिठाचं पाणी घालून पुढचे काढे काढतात, ते स्वयंपाकाला.

बाटलीवर 30, 35, 40 असे आकडे दिसतात. तो लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन आहे याचा आकडा असतो, म्हणजे माशातलं प्रथिन द्रवात किती उतरलं याचं माप. 40 चा नुओक माम घट्ट चवीचा असतो. तो उकळत्या भांड्यात घालण्यापेक्षा वाटीसाठी राखावा. शिजवायला कमी आकड्याचा चालतो. क्लासमध्ये हे बहुधा कोणी आपणहून सांगत नाही, पण विचारलं की शिकवणाऱ्या बाई खुलतात आणि कपाटातली घरची बाटली काढून दाखवतात.

फू क्वोकच्या नुओक मामला व्हिएतनाममध्ये 2001 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2012 मध्ये युरोपीय संघानेही त्याच्या मूळस्थानाच्या नावाला संरक्षण दिलं. मुख्य भूमीवर फान थिएतची परंपराही जुनी आहे, आणि तुम्ही होई आनला उतरला असाल तर दा नांगच्या उत्तरेला असलेलं नाम ओ हे गाव याच कामासाठी ओळखलं जातं.

इथे आणखी एक गल्लत समजून घ्यायला हवी. दुकानातल्या फळीवरच्या सगळ्याच बाटल्या अशा नसतात. मोठ्या कारखान्यांचा माल म्हणजे थोडा नुओक माम, त्यात पाणी, मीठ, गोडवा आणणारी द्रव्यं, रंग, वास आणि टिकाऊपणासाठीची रसायनं. तो स्वस्त आहे, चवीला सौम्य आहे आणि व्हिएतनाममधल्या शहरी घरांत तोच जास्त खपतो. पिंपवाल्या उत्पादकांचा आग्रह आहे की त्याला नुओक माम म्हणूच नये, ‘नुओक चम’ म्हणा, बुडवून खाण्याचा सॉस. म्हणजे आपण ज्या दोन नावांत गोंधळतो, त्याच दोन नावांवरून त्यांच्या देशात भांडण झालेलं आहे. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये एका ग्राहक संघटनेने जाहीर केलं की बाजारातल्या बऱ्याच नुओक माममध्ये आर्सेनिक जास्त आहे, आणि आकडा जितका मोठा तितकं आर्सेनिक जास्त. त्यांनी मोजलं होतं ते एकूण आर्सेनिक. समुद्रातल्या माशांत ते असतंच, आणि बहुतांशी निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असतं. सरकारी तपासणीत नुओक माम सुरक्षित ठरला. पण मधल्या दिवसांत ज्यांनी फक्त मासे आणि मीठ वापरलं होतं त्यांच्याच मालाकडे लोकांनी पाठ फिरवली. हे वाचताना मला फार वाईट वाटतं. म्हणूनच बाटली घेताना मागची यादी वाचा: का कोम आणि मुओई, म्हणजे मासा आणि मीठ, एवढंच लिहिलेलं असेल ती घ्या.

आता वाटी. नुओक चम बाजारातून आणायचा नसतो, जेवायच्या आधी मिसळायचा असतो. त्यात नुओक माम, साखर, लिंबू किंवा व्हिनेगर, पाणी, लसूण आणि मिरची. एक चांगलं सुरुवातीचं माप असं: दोन चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे नुओक माम आणि आठ ते दहा चमचे पाणी. एवढं सगळ्या क्लासच्या कागदावर छापलेलं असतं. कागदावर नसतो तो क्रम, आणि चव क्रमात आहे. साखर आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायची. पाणी निवल्यावर लिंबू पिळायचं, कारण गरम पाण्यात लिंबाचा वास उडतो आणि कडसरपणा उतरतो. या टप्प्यावर चाखायचं. नुसतं लिंबू सरबत म्हणून ते आवडलं पाहिजे. मग नुओक माम थोडा थोडा घालायचा आणि प्रत्येक वेळी चाखायचं. एका क्षणी आंबट, गोड आणि खारट यांतलं कोणतंच वेगळं ओळखू येत नाही. तिथे हात थांबवायचा. लसूण आणि मिरची बारीक चिरून सगळ्यात शेवटी घालायची, म्हणजे ती वर तरंगते. त्यांच्याकडे लाल-पांढरे तुकडे वर तरंगणारी वाटी ही चांगल्या हाताची खूण मानतात. आपलं कागदी लिंबू त्यांच्या लिंबाच्या बरंच जवळ आहे, त्यामुळे घरी हे जमायला अडचण नाही.

गंमत म्हणजे माप सारखंच राहत नाही. हनोईत बुन चासोबत, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवयांसोबत, जी वाटी येते ती मोठी, कोमट आणि पातळ असते. तिच्यात कच्च्या पपईच्या आणि गाजराच्या चकत्या असतात आणि लिंबापेक्षा व्हिनेगर जास्त वापरतात. भाजलेलं मांस त्यातच सोडतात. ती जवळजवळ रस्सा म्हणूनच खायची. मध्य व्हिएतनाममध्ये, हुए आणि दा नांगकडे, पाणी आणि साखर कमी होते, मिरची वाढते. कधी कधी नुसत्या नुओक माममध्ये ठेचलेली मिरची एवढंच. दक्षिणेत, सायगावकडे, साखर सढळ असते आणि पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी घालतात. त्यामुळे हनोईत क्लास केलेल्या माणसाने आणि सायगावमध्ये क्लास केलेल्या माणसाने एकमेकांची कृती चुकीची ठरवू नये. दोघांचीही बरोबर आहे.

कोणता पदार्थ कशासोबत, हेही यावरून उलगडतं. नुओक माम भांड्यात जातो. का खो तो या मातीच्या भांड्यातल्या माशात तो जळालेल्या साखरेच्या रंगात मुरतो. फोच्या रश्शात तो शेवटी पडतो, म्हणजे वास टिकतो. नुओक चम भांड्यात जात नाही, तो ताटाशी येतो: बान सेओ, तळलेले रोल, शेवयांचे कोरडे पदार्थ. गोई कुओनला मात्र दक्षिणेत बरेचदा शेंगदाण्याचा घट्ट सॉस देतात, तो या दोन्हींपैकी नाही. माम तोम हा जांभळट कोळंबीचा लगदा आणि माम नेम हा गढूळ, उग्र माशांचा सॉस, हेही वेगळेच. त्यांची गाठ हनोईच्या आणि दा नांगच्या गल्ल्यांत पडेल.

शाकाहारी वाचकांसाठी हा फरक नुसत्या चवीचा नाही, म्हणून इथे जरा थांबते. क्लासला नाव नोंदवताना ‘मांस-मासे नको’ एवढं सांगून भागत नाही. तुमच्या रोलमधून कोळंबी काढली जाईल, तिच्या जागी टोफू येईल, आणि शेजारी तीच वाटी ठेवली जाईल. त्यात फसवणूक नसते. त्यांच्या लेखी नुओक माम हे मिठाच्या जागचं, आणि मीठ कोणी मासळीत मोजत नाही. त्यामुळे बाटलीचं नाव घेऊनच सांगायचं: ‘खोंग नुओक माम’, म्हणजे नुओक माम नको. त्याच्या जोडीला ‘तोइ आन चाय’, मी शाकाहारी आहे. हा चाय बौद्ध परंपरेतला आहे. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला कित्येक व्हिएतनामी घरांत चाय जेवतात, आणि कडक पाळणारे कांदा-लसूणही खात नाहीत. जैन कुटुंबांना हे ऐकून बरं वाटेल. नुओक माम चाय अशी सोयाबीन किंवा अननसापासून केलेली बाटली बाजारात मिळते आणि तिच्यावर वरच्याच क्रमाने उत्तम नुओक चम होतो. ती नसेल तर सोया सॉस आणि थोडं मीठ घ्यावं. शेंगदाण्याच्या सॉसबद्दलही विचारून घ्या, कारण काही स्वयंपाकघरांत तो मांसाच्या पाण्यात पातळ करतात. आणि चाय क्लास वेगळा भरवणारी ठिकाणं हनोईत आणि होई आनमध्ये आहेत. तिथे गेलात तर विचारणा करत बसावी लागत नाही.

क्लास निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: नुओक चम आम्ही स्वतः चाखत मिसळणार, की मोजलेल्या वाट्या समोर येणार? बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी साखर, लिंबाचा रस, नुओक माम सगळं आधीच मापून छोट्या वाट्यांत ठेवलेलं असतं. तुम्ही फक्त एकत्र ओतता. नदीवरची फेरी, टोपलीसारखी गोल होडी, भाताची खाचरं, हे सगळं सुंदर आहे. पण चाखत चाखत थांबायची जागा ओळखणं तिथे शिकता आलं नाही, तर घरी येऊन छापील कागदावरून ते शिकणं अवघड जातं. बाजाराच्या फेरीतही भाज्यांपाशी सगळे रेंगाळतात. नुओक मामच्या दुकानापाशी थांबायला सांगा आणि दोन वेगळ्या आकड्यांचे थेंब चमच्यावर घेऊन बघा.

बाटली घरी आणायची असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. केबिनमध्ये ती नेता येत नाही, आणि फुटली तर वास जाता जात नाही म्हणून सामानात ठेवण्याबाबतही तिकडच्या कंपन्या कडक असतात. मुंबई-पुण्यात बहुधा थाई फिश सॉस मिळतो. तो चालतो, पण जास्त खारट लागू शकतो, म्हणून दोनऐवजी दीड चमच्यापासून सुरुवात करा. उघडलेली बाटली महिनोन्महिने टिकते. रंग हळूहळू गडद होतो, तळाशी मिठाचे खडे दिसतात, त्यात बिघडलेलं काही नाही. नुओक चम मात्र लागेल तेवढाच करावा. उरला तर लसूण-मिरची न घातलेला भाग झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, दोन-चार दिवसांत संपवावा, आणि लसूण वाढायच्या वेळी ताजा चिरावा.