निवडणूक प्रशासकांची व्यावसायिक संघटना

मतदार यादी तयार करणे, मतदान घेणे, मतमोजणी करणे आणि या सगळ्याचा कागदोपत्री हिशेब चोख ठेवणे, ही कामे करणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाचा दर्जा राखण्यासाठी उभारलेली पक्षनिरपेक्ष संस्था. कर्मचारी संघटना वेतन, बदली आणि बढतीचे प्रश्न हाती घेते. व्यावसायिक संघटनेचा भर प्रत्यक्ष कामावर असतो. ते कसे करावे, कोणाला शिकवावे, कुठे चुकते आणि नियम कुठे बदलायला हवा, हे ती पाहते. ब्रिटनमध्ये अशी संघटना १९८७ पासून आहे. स्थानिक परिषदांमधील निवडणूक कर्मचारी तिचे सभासद असतात. ती प्रमाणपत्र परीक्षा घेते आणि मोठ्या निवडणुकीनंतर अडचणींचा अहवाल जाहीरपणे मांडते. देशोदेशीच्या निवडणूक आयोगांचीही जागतिक संघटना आहे. ती २०१३ मध्ये दक्षिण कोरियात स्थापन झाली आणि भारताचा निवडणूक आयोग तिचा सदस्य आहे. मात्र ती आयोगांची संघटना आहे, केंद्रावर बसणाऱ्या माणसांची नव्हे.

महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत निवडणुकीसाठी वेगळा संवर्ग नाही. सोलापूर जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. तिथे जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. प्रांत आणि तहसीलदार मतदार नोंदणी व निवडणूक निर्णयाची कामे सांभाळतात. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून शिक्षक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि बँकांतले कर्मचारी नेमले जातात. गावपातळीवर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले बीएलओ, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४(६) नुसार हा सेवकवर्ग आयोगाला उपलब्ध करून दिला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २८अ नुसार निवडणूक काळात ही मंडळी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. निकाल लागला की जो तो आपल्या खात्यात परततो. त्यामुळे तलाठ्यांची, महसूल कर्मचाऱ्यांची आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना आहे, पण निवडणुकीचे काम करणारे म्हणून त्यांना एकत्र आणणारे काहीच नाही. उणीव नेमकी इथे आहे.

या उणिवेचे परिणाम न्यायालयीन इतिहासातही दिसतात. निवडणूक कामाच्या मर्यादा आतापर्यंत ठरल्या त्या मूळ पेशाच्या बाजूने झालेल्या भांडणांतून. स्टेट बँकेच्या पाटण्यातील कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बँक कर्मचाऱ्यांना या कामाला जुंपता येत नाही असे ठरवले. पुढे १९९८ च्या दुरुस्तीने १९५१ च्याच अधिनियमातील, निवडणुकीसाठी कर्मचारी मागवण्याबाबतच्या कलम १५९ ची व्याप्ती वाढवून सार्वजनिक उपक्रमांचाही त्यात समावेश झाला. २००७ मध्ये सेंट मेरीज स्कूल प्रकरणात न्यायालयाने शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या दिवशी किंवा अध्यापनाच्या वेळेबाहेर हे काम द्यावे असे सांगितले. दोन्ही वेळा प्रश्न होता तो हे काम कोणाला लावू नये हा. ते नीट होण्यासाठी काय लागते, हे न्यायालयापुढे मांडणारे कोणी नव्हते.

काय लागते, हे मतदानाच्या दिवशी पहाटे कळते. मतदान सातला सुरू होणार असेल, तर साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घ्यावे लागते. किमान ५० मते टाकून निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी देणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी पडताळायचा आणि मग यंत्र पुसून शून्यावर आणायचे. कर्मचारी याला ‘सीआरसी’ म्हणतात: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद करतात. आदल्या दिवशी साहित्य वाटप केंद्रावर ऊन खात रांगेत उभा राहिलेला, एसटीने केंद्रावर पोहोचून शाळेच्या बाकावर रात्र काढलेला शिक्षक हे सगळे अर्धवट झोपेत करतो. ‘क्लिअर’ राहून गेले, तर त्या केंद्राचे यंत्र मोजणीच्या टेबलावर वादात सापडते. संध्याकाळी नमुना १७-क, म्हणजे केंद्रावर नोंदवलेल्या मतांचा हिशेब, भरताना एका आकड्याची चूक झाली, तर रात्री उशिरा साहित्य जमा करताना सगळी टीम खोळंबते. अशा चुका कुठे आणि का होतात, हे अनुभवी केंद्राध्यक्षाला तोंडपाठ असते. ते लिहून ठेवणे आणि पुढच्या प्रशिक्षणात आणणे ही व्यावसायिक संघटनेची पहिली जबाबदारी ठरावी. सभागृहात शेकडो जणांना पडद्यावर दाखवलेल्या चित्रफितीने हे भागत नाही.

दुसरी जबाबदारी स्मरणशक्तीची. निवडणुकीशी थेट संबंध असलेल्या आणि एका जिल्ह्यात तीन वर्षे झालेल्या अधिकाऱ्यांची निवडणुकीपूर्वी बदली करण्याचे आयोगाचे धोरण आहे. निःपक्षपातीपणासाठी ते योग्यच आहे, पण त्याबरोबर जिल्ह्याची जाणही निघून जाते. सोलापूरच्या बाबतीत ही जाण महत्त्वाची आहे. शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांची, अक्कलकोटकडच्या कन्नडभाषकांची आणि उर्दूभाषकांची नावे देवनागरीत लिहिताना एकाच घरात आडनावाची दोन-तीन रूपे होतात आणि दुबार नावाचा संशय उभा राहतो. ऊसतोडीच्या हंगामात मजूर कुटुंबे गावाबाहेर असतात. पंढरपुरात तर वारीचे गणित वेगळेच. २०२४ मध्ये कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला होती आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. वारीच्या बंदोबस्तातून मोकळे होताच तोच महसूल कर्मचारी निवडणुकीच्या कामाला लागला. नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला हे सांगणारा सध्या एखादा जुना अव्वल कारकून असतो. तो निवृत्त झाला की तेही संपते.

तिसरी आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे संशयाच्या वेळी बोलणे. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या काही ग्रामस्थांनी यंत्रावरील मतांबद्दल शंका घेतली आणि ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिकेवर फेरमतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने मनाई आदेश लागू केला आणि तो प्रयत्न थांबवण्यात आला. गाव देशभर गाजले. पक्ष बोलले, आयोग बोलला. केंद्रावर काम केलेल्यांना मात्र सेवाशर्तींमुळे जाहीरपणे बोलण्याची मुभा नव्हती. १७-क ची प्रत प्रतिनिधींना कशी मिळते, प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या कशा निवडून मोजतात, शंका घेण्याचा कायदेशीर मार्ग कोणता, हे संघटनेला कोणत्याही उमेदवाराचे नाव न घेता शांतपणे समजावून सांगता येईल. पण तिने आयोगाचे वकीलपत्र घेता कामा नये. प्रक्रियेत उणीव असेल तर तीही तितक्याच स्पष्टपणे मांडली, तरच तिच्या शब्दाला वजन येईल.

सुरक्षितता आणि मोबदला हे विषय कर्मचारी संघटनांचे असले, तरी इथे टाळता येत नाहीत. ७ मे २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानात सांगोला तालुक्यातील एका केंद्रावर मतदाराने यंत्रच पेटवून दिले. दुसरे यंत्र आणून मतदान पुढे सुरू ठेवावे लागले. बीएलओंचे वार्षिक मानधन ६,००० रुपयांवरून १२,००० रुपये करण्याचा निर्णय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केला. वर्षभर घरोघरी फिरण्याच्या कामासाठी ही रक्कम अजूनही तोकडीच आहे. दुसरीकडे, कर्तव्यात कसूर झाल्यास १९५१ च्या त्याच अधिनियमाच्या कलम १३४ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

सोलापुरात अशी संघटना काढायची, तर तिची रचना ठरवताना दोन पेच सोडवावे लागतील. पहिला पेच दोन आयोगांचा आहे. लोकसभा आणि विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग, तर सोलापूर महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग. माणसे बहुतांशी तीच, पण नमुने आणि कार्यपद्धती वेगळ्या. दुसरा पेच भूगोलाचा आहे. जिल्ह्यात ११ विधानसभा मतदारसंघ आहेत. मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर हे सहा सोलापूर लोकसभेत येतात, तर करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे चार माढा लोकसभेत. बार्शी धाराशिव लोकसभेला जोडलेली आहे आणि माढा लोकसभेतील फलटण व माण सातारा जिल्ह्यात आहेत. म्हणून केवळ सोलापूर जिल्ह्यापुरती संघटना काढली, तर माढ्याच्या निवडणुकीत खांद्याला खांदा लावून राबणारे सातारचे कर्मचारी आणि धाराशिवच्या निवडणुकीत बार्शी सांभाळणारे सोलापूरचे कर्मचारी यांचा मेळ बसणार नाही. सभासदत्व महसुली जिल्ह्यावर न बांधता मतदारसंघावर बांधले, तर हा मेळ बसू शकतो.