बायसचा ट्रेमोलो की दिव्याचा?

मित्र लॅमिंग्टन रोडला कपॅसिटर आणायला निघाला होता. त्याच्या गिटारच्या ट्यूब अँपचा (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अँप्लिफायरचा) ट्रेमोलो त्याला फार वेगवान आणि उथळ वाटत होता. मी म्हटलं, आधी मागची फळी काढ. आत कोणता ट्रेमोलो आहे ते बघू, मग खरेदी.

ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा होतो, सूर जागचा हलत नाही. सूर हलतो तो व्हायब्रेटो. दरबारीतला आंदोलित गंधार आठवा. गिटार आणि अँप बनवणाऱ्या फेंडरने अँपवरच्या ट्रेमोलोलाच ‘व्हायब्रेटो’ म्हटलं आणि १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या सूर हलवणाऱ्या दांडीला ‘ट्रेमोलो’, म्हणून पॅनेलवरच्या नावावर जाऊ नका.

खरी गफलत आतल्या दोन सर्किटांत होते. फेंडरच्याच प्रिन्स्टन रिव्हर्ब अँपमध्ये ऑसिलेटरची (लाट तयार करणाऱ्या सर्किटची) संथ लाट थेट आउटपुट ट्यूबच्या बायसवर, म्हणजे ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवणाऱ्या व्होल्टेजवर, चढते. डिलक्स रिव्हर्ब अँपमध्ये तीच लाट छोटा निऑन दिवा लुकलुकवते; समोरच्या एलडीआरवर (उजेडानुसार रोध बदलणाऱ्या रेझिस्टरवर) उजेड पडला की त्याचा रोध घटतो आणि सिग्नल ग्राउंडकडे वळतो. काळ्या नळीत बंद केलेली ही दिवा-एलडीआरची जोडी दिसली, की ओळख पटली. बायसचा ट्रेमोलो गोल, श्वास घेतल्यासारखा. दिव्याचा जरा तुटक. मला पहिला अधिक प्रिय आहे.

वेग कमी करायची युक्ती दोन्हीकडे एकच. ऑसिलेटरच्या तीन कपॅसिटरांपैकी एकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा समांतर जोडा. फार वाढवलात तर ऑसिलेटर चालायचाच थांबतो.

ट्रेमोलोची खोली, म्हणजे आवाजाचा चढउतार, वाढवताना मात्र वाटा वेगळ्या होतात. दिव्याच्या प्रकारात दिवा आणि एलडीआर तपासायचे. जुना एलडीआर मंदावतो. शिवाय तिथलं इंटेन्सिटीचं पॉट (खोली कमी-जास्त करणारं फिरतं बटण) ट्रेमोलो बंद असतानाही सिग्नलवर भार टाकतं. ते तोडणारा स्विच बसवला तर चॅनलचा गेन वाढतो. बायसच्या प्रकारात असं पॉट सिग्नलच्या वाटेत नसतंच. तिथे खोली ठरते ती आउटपुट ट्यूब किती गरम, म्हणजे किती करंटवर, चालवल्या आहेत त्यावर.

आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो टिकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरने शून्य पाहूनच हात घाला.

मित्राच्या अँपमध्ये काळी नळी नव्हती. ट्यूब गरजेपेक्षा गरम चालत होत्या. बायस थोडा थंड केला आणि ट्रेमोलो खोल झाला. वेगासाठी तेवढा एक कपॅसिटर लागला.