‘प्रोग्रेस’ : सामान पोचवून न थांबणारे मालवाहू यान

२० जानेवारी १९७८ रोजी ‘प्रोग्रेस-१’ हे मानवरहित यान बायकोनूर येथून निघाले आणि दोन दिवसांनी ‘सॅल्युत-६’ या सोव्हिएत अंतराळ स्थानकाला जोडले गेले. स्थानकावर त्या वेळी युरी रोमानेन्को आणि गिऑर्गी ग्रेच्को मुक्कामाला होते. त्याआधीच्या स्थानकांना उड्डाणाच्या वेळी सोबत नेलेल्या इंधनाच्या शिदोरीवरच दिवस काढावे लागत असत. ‘प्रोग्रेस’ने आणलेल्या सुमारे २३०० किलो मालात जवळपास १००० किलो इंधन व ऑक्सिडीकारक (इंधन जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारे रसायन) होते, आणि माझ्या मते या यानाचे खरे महत्त्व तिथेच आहे.

अवकाशात टाकी भरणे वाटते तितके सोपे नसते. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तळाशी बसत नाही, त्यामुळे टाकीत एका लवचीक पडद्याच्या एका बाजूला इंधन आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन वायू ठेवलेला असतो. इंधन भरण्यापूर्वी स्थानकाच्या टाकीतील नायट्रोजन कॉम्प्रेसरने काढून घेऊन तिथला दाब उतरवावा लागतो. मग यानातील अधिक दाबाचा वायू इंधनाला जोडणीच्या कड्यातून गेलेल्या नळ्यांमधून पलीकडे ढकलतो. ही रसायने अत्यंत विषारी असल्याने यान स्थानकापासून सुटे होण्यापूर्वी नळ्यांमध्ये राहिलेले थेंबही बाहेर काढून टाकले जातात.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकालाही या इंधनाची गरज असते, कारण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरची विरळ हवासुद्धा त्याचा वेग सतत कमी करत राहते. जोडलेल्या अवस्थेतील ‘प्रोग्रेस’ स्वतःचे इंजिन चालवून स्थानकाला पुन्हा वर ढकलू शकते. शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये स्थानकावर असतानाही असेच एक ‘प्रोग्रेस’ येऊन जोडले गेले होते.

जोडणी सहसा ‘कुर्स’ ही रेडिओ यंत्रणा आपोआप घडवून आणते. ती बंद ठेवून, केवळ कॅमेऱ्यातील चित्रावर विसंबून यान जोडण्याची चाचणी ‘मीर’ स्थानकावर २५ जून १९९७ रोजी घेण्यात आली. स्थानकात बसून यान चालवणारे अंतराळवीर वासिली त्सिब्लीयेव्ह यांना पडद्यावर ढगांच्या पार्श्वभूमीवर स्थानक नीट उठून दिसेना. अंतर आणि वेग यांचा अंदाज चुकला आणि सुमारे सात टनांचे यान ‘स्पेक्टर’ या कक्षावर आदळले. हवा गळू लागली. दारातून गेलेल्या केबल सोडवल्याशिवाय दार लावता येत नव्हते. त्यांचे सहकारी अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल यांनी घाईघाईने त्या मोकळ्या करून कक्ष बंद केला, आणि त्यात ‘स्पेक्टर’च्या सौरपंखांची वीजही गेली. माणसाचा हात यंत्रापेक्षा नेहमीच भरवशाचा, असे मानणाऱ्यांनी ही घटना अवश्य तपासावी.

‘प्रोग्रेस’ला उष्णतारोधक कवच नसते. काम संपल्यावर त्यात कचरा भरला जातो, आणि दक्षिण पॅसिफिक महासागरावरील वातावरणात शिरताना यानाचा बहुतेक भाग जळून जातो. त्यामुळे प्रयोगांचे नमुने पृथ्वीवर सुखरूप आणण्यासाठी अमेरिकी ‘ड्रॅगन’सारखे, समुद्रात उतरणारे यान लागते. जुलै २०२१ मध्ये मात्र ‘प्रोग्रेस एमएस-१६’ने वेगळाच कचरा नेला : जवळपास वीस वर्षे वापरात असलेला ‘पिर्स’ हा अख्खा कक्ष स्थानकापासून ओढून काढून ते त्याच्यासह वातावरणात शिरले, आणि रिकाम्या झालेल्या जागी काही दिवसांतच ‘नाउका’ ही नवी प्रयोगशाळा जोडली गेली.