दुधाची लोकर: लानिताल ते अ‍ॅरालॅक

ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीच्या फौजा अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसल्या. पुढच्याच महिन्यात राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. लोकर बाहेरून आणणाऱ्या इटलीची पंचाईत झाली. स्वावलंबनाचा नारा सुरूच होता, त्यात रसायनतज्ज्ञ अंतोनियो फेरेत्ती यांचा दुधातल्या केसीन या प्रथिनापासून काढलेला धागा सरकारच्या पथ्यावर पडला. स्निया व्हिस्कोझा या रेयॉन बनवणाऱ्या कंपनीने तो ‘लानिताल’ नावाने बाजारात आणला. कवी मारिनेत्ती यांनी तर १९३७ मध्ये या दुधाच्या वस्त्रावर काव्यच रचलं. प्रचाराला कवीही हाताशी होते!

कल्पना तशी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जर्मनीत असे प्रयत्न झाले होते, पण धागा ठिसूळ निघाला. केसीनची बटणं मात्र चांगली खपली.

धागा करायची रीत अशी: साय काढलेलं दूध आम्लाने नासवायचं, चोथा धुऊन वाळवायचा. इथपर्यंत पनीर करणाऱ्या कुणालाही कळेल. मग ती पूड कॉस्टिक सोड्यात विरघळवून दाट द्राव करायचा आणि बारीक भोकांच्या चकतीतून आम्लाच्या कुंडात सोडायचा. तिथे तंतू गोठतात. पुढे ते फॉर्माल्डिहाइड या रसायनाने पक्के करायचे. एवढं करून शंभर लिटर दुधातून केसीन मिळतं जेमतेम तीन किलो.

धागा मऊ, उबदार, रंगही छान धरायचा. पण भिजला की जीव जायचा. लोकरीच्या प्रथिनसाखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. केसीनमध्ये गंधक नावालाच. ही उणीव कुठल्याही जाहिरातीने भरून निघणारी नव्हती.

अमेरिकेतही युद्धामुळे लोकरीची टंचाई झाली आणि नॅशनल डेअरी प्रॉडक्ट्सने १९४१ च्या सुमारास ‘अ‍ॅरालॅक’ काढला. कनेक्टिकटमधल्या टॅफ्टव्हिलला कारखाना होता. फेल्टच्या हॅटमध्ये आणि रेयॉन-लोकरीच्या मिश्र कापडांत तो खपला. मात्र कपडा ओला झाला की आंबलेल्या दुधाचा वास येतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असे. युद्ध संपलं, लोकर परत मिळू लागली, १९४८ मध्ये अ‍ॅरालॅक बंद पडला. इटलीतला ‘मेरिनोव्हा’ आणि इंग्लंडमधला ‘फायब्रोलेन’ आणखी काही वर्षं तग धरून होते. नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिकपुढे त्यांचंही चाललं नाही.

२०११ च्या सुमारास जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या अंके डोमास्के यांनी हा धागा पुन्हा चर्चेत आणला. त्यांनी खाण्यास अयोग्य ठरलेलं, एरवी फेकून दिलं जाणारं दूध वापरलं आणि फॉर्माल्डिहाइडला फाटा दिला. आपल्याकडे विणकामासाठी ‘मिल्क कॉटन’ नावाचं सूत मिळतं, त्याच्या वेष्टनावर मात्र कशात काय मिसळलंय ते वाचूनच घ्यावं.