माज (गाय व म्हैस)

मादी जनावर नराचा स्वीकार करते तो ठरावीक मुदतीने येणारा काळ. हा शब्द सामान्यतः संस्कृत ‘मद्’ धातूशी जोडला जातो. बीजांड कधी सुटणार याचा अंदाज गोठ्यात मुख्यतः जनावराच्या वागणुकीवरूनच बांधावा लागतो.

गाईचे माजचक्र सरासरी २१ (१८ ते २४) दिवसांचे असते. हंबरणे, वैरण सोडणे, दूध आटणे ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. शेपटीला, मांडीला चिकटून वाळलेला काचेसारखा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) त्यांहून भरवशाचा. निर्णायक लक्षण मात्र एकच : दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय हलत नाही. चढणारी गाय माजावर असेलच असे नाही. दावणीला बांधलेल्या गाईत हे लक्षण दिसायला वावच नसतो.

रेतन (गर्भाशयात वीर्य सोडणे) केव्हा करावे याबद्दल मतभेद आहेत. माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, देशी गाईंत बहुधा कमी. बीजांड माज ओसरल्यावर १० ते १२ तासांनी सुटते. अमेरिकेतील नेब्रास्का येथे ट्रिंबर्गर या संशोधकाने १९४० च्या दशकात केलेल्या कामावरून ‘सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी’ हा नियम रूढ झाला. चढण्याची इलेक्ट्रॉनिक नोंद घेणाऱ्या १९९८ मधील अभ्यासात, गाय प्रथम स्थिर उभी राहिल्यापासून ४ ते १२ तासांचा काळ अनुकूल आढळला. दोहोंत वाटते तेवढे अंतर नाही, कारण पशुपालकाला माज ‘दिसतो’ तेव्हा तो बहुधा आधीच सुरू झालेला असतो. तरीही जुना नियमच व्यवहाराला सोपा. माजानंतर एक-दोन दिवसांनी, विशेषतः कालवडीत, थोडे रक्त दिसते. तेव्हा रेतनाची वेळ टळलेली असते.

म्हशीत लक्षणे मंद, बरीचशी रात्री व पहाटे दिसणारी. उन्हाळ्यात मुका माज (बाह्य लक्षणांविना येणारा) अधिक. अशा वेळी माज ओळखण्यासाठी नसबंदी केलेला रेडा उपयोगी पडतो. म्हशीचे मूत्र हुंगून तो वरचा ओठ उलटा वळवतो व गंध टाळूलगतच्या याकोबसन इंद्रियाकडे (असे गंध ओळखणाऱ्या अवयवाकडे) पोचवतो.

वारंवार, अनियमित माज बीजांडकोषावरील पुटीचे (द्रवाने भरलेल्या फोडाचे) लक्षण असू शकतो. काही गाभण गाईही माज दाखवतात. त्यांत रेतन केल्यास गर्भपाताचा धोका असल्याने उलटलेल्या (रेतनानंतर पुन्हा माजावर आलेल्या) गाईची आधी गर्भतपासणी करतात.